थरथर नेमकी कुठली?

माझी जुनी जीप पन्नासच्या पुढे थरथरायची. चाकं बॅलन्स केली, इंजिनाचं माउंटिंग बदललं, फरक शून्य. सौ. म्हणाली, "विकून टाका."

मग मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात न्यूट्रल केलं. इंजिन मंदावलं, थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष. गाडीखाली शिरलो. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस मीच बदलले होते; पण स्लिप जॉइंटवरचे बाण जुळवले नव्हते. कोनात फिरणारा जॉइंट प्रत्येक फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असले, तरच दुसरा जॉइंट ते भरून काढतो.

बाण जुळवले, थरथर गेली. महिनाभर ज्याला बोल लावले, त्या मेकॅनिकची माफी मागितली. खोलण्याआधी खूण करा, हे जवानांना मीच शिकवायचो!