एचआयव्हीसह वाढलेल्या मुलांना अठराव्या वर्षानंतर आधार कोणाचा?

जन्मतःच एचआयव्हीची लागण झालेली मुले आता विशीत येत आहेत. औषधांनी त्यांना आयुष्य दिले. पण सोबत कोण देणार? लातूर जिल्ह्यातील हासेगावने याचे एक उत्तर दिले आहे.

हासेगावात काय घडले?
रवी बापटले यांनी २००७ मध्ये औसा तालुक्यातील हासेगाव येथे संसर्गित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केले. २००९ मध्ये ही मुले गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले घरी ठेवली. वास्तविक एका बाकावर बसल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा सोबत खेळल्याने हा विषाणू पसरत नाही. पुढे याच मुलांचा ‘हॅपी म्युझिक शो’ गावोगावी रंगला.

उपचार कोठे मिळतात?
सरकारने १ एप्रिल २००४ पासून एआरटी औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत एआरटी केंद्रे आहेत. गोळी नियमित घेतल्यास रक्तातील विषाणू चाचणीतही सापडत नाही इतका घटतो.

मग मैत्रीची गरज कशासाठी?
कारण गोळी रोज, आयुष्यभर घ्यायची असते. किशोरवयात ‘मलाच का?’ हा प्रश्न छळतो. वसतिगृहात गोळी लपवावी लागली की ती चुकते, आणि वारंवार चुकली की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. आजूबाजूचे सगळेच गोळी घेणारे असले, तर लपवण्याचे कारणच उरत नाही. एखादा कंटाळला, तर आठवण करून द्यायला मित्र असतो.

अठराव्या वर्षानंतर काय?
बालगृहात साधारणपणे अठरा वर्षांपर्यंतच राहता येते. त्यानंतरच्या तरुणांसाठी हासेगावात ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ उभे राहिले. या नावाची इंग्रजी आद्याक्षरेही एचआयव्हीच! येथे संसर्गित तरुण-तरुणींचे विवाहही झाले. आईने गरोदरपणात नियमित उपचार घेतल्यास बाळाला लागण होण्याचा धोका अत्यंत कमी होतो.

कायदा काय सांगतो?
१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार शाळा, नोकरी, दवाखाना किंवा भाड्याचे घर नाकारून भेदभाव करता येत नाही. कुटुंबाचा कारभार सांभाळण्याइतकी समज असलेले १२ ते १८ वर्षांचे भावंड धाकट्याचे पालक होऊ शकते. अनाथ भावंडांसाठी ही तरतूद मोलाची आहे. मोफत माहिती व समुपदेशनासाठी १०९७ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.