पोकळी भरण्याआधी

जुन्या घराची ऊब : लेखांक ५

ब्रिटनमधल्या जुन्या घरात राहणाऱ्यांच्या कानावर ‘लॉफ्ट आणि कॅव्हिटी वॉल इन्सुलेशन’ हे शब्द जोडीनंच पडतात. सरकारी योजनेच्या पत्रकात, गॅस कंपनीच्या पत्रात, दारावर आलेल्या विक्रेत्याच्या तोंडी, सगळीकडे ही जोडी ठरलेली. घराच्या दृष्टीनं मात्र ही दोन वेगळ्या जातीची कामं आहेत. माळ्यावर अंथरलेली लोकर उद्या चुकीची वाटली, तर गुंडाळून बाजूला ठेवता येते. भिंतीच्या पोटात फुंकलेला माल पुन्हा डोळ्यांना दिसत नाही, आणि काढायची वेळ आलीच तर भिंतीच्या विटा काढाव्या लागतात. म्हणून माळ्याची घाई करावी, भिंतीची करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं आज सविस्तर मांडतो.

आधी थोडा हिशेब. गेल्या आठवड्यात आपण यू-व्हॅल्यू पाहिली : एक चौरस मीटर पृष्ठभागातून, आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता निसटते याचं ते माप. हॅरो, वेम्बली, हाउन्सलो या लंडनच्या उपनगरांत रांगेनं उभं असलेलं १९३०च्या दशकातलं एक जोडघर घेऊ. माळ्याचं क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर, बाहेरच्या भिंती ७० चौरस मीटर, आत २० अंश आणि बाहेर ५. माळ्यावर काहीच नसेल तर छपराची यू-व्हॅल्यू साधारण २.३, म्हणजे वरून सतत दीड किलोवॅटच्या वर उष्णता चालली आहे. रिकाम्या पोकळीच्या भिंतीची यू-व्हॅल्यू १.५च्या आसपास, म्हणजे तिथूनही तेवढीच. घरात चोवीस तास दोन हीटर लावून त्यांची ऊब रस्त्यावर सोडण्यासारखं हे आहे. पोकळी भरली की १.५चे साधारण ०.५ होतात आणि सोळाशे वॅटची गळती पाचशेवर येते. हा फायदा खरा आहे, मोठा आहे, आणि पुढे जे सावधगिरीचं लिहिणार आहे ते वाचताना तो विसरू नये.

माळ्याचा हिशेब आणखी बोलका आहे. तुळयांच्या मध्ये १०० मिलिमीटर काचलोकर अंथरली की दीड किलोवॅटचे पावणेतीनशे वॅट उरतात. आजची शिफारस २७० मिलिमीटरची : पहिला थर तुळयांच्या मध्ये, दुसरा १७० मिलिमीटरचा त्यांच्यावर आडवा. त्यानं गळती शंभर-सव्वाशे वॅटवर येते. म्हणजे जवळजवळ सगळी बचत पहिल्या थरात झाली, दुसऱ्यानं त्यात दीडशेएक वॅटची भर घातली. ज्यांच्या माळ्यावर १९७०च्या दशकातली, तेलसंकटानंतर अनुदानातून आलेली, धुळीनं करडी झालेली इंचभर लोकर आहे, त्यांनी हे काम याच हिवाळ्यात करावं. ज्यांच्याकडे आधीच १५० मिलिमीटर आहे, त्यांनी ते सवडीनं केलं तरी चालेल.

माळ्याचं काम सोपं असलं तरी बिघडतं ते एका विशिष्ट जागी : वळचणीला. छपराचा उतार जिथे भिंतीवर टेकतो तिथे जागा अडचणीची असते, आणि काम करणारा माणूस लोकर शेवटपर्यंत दाबून बसवतो. वाटतं, किती निगुतीनं केलं! पण माळ्यात बाहेरची हवा शिरते ती तिथूनच. लोकर अंथरल्यावर माळा पूर्वीपेक्षा थंड होतो, कारण घरातली ऊब आता वर पोचत नाही. खालच्या न्हाणीघरातली, स्वयंपाकघरातली दमट हवा मात्र झडपेच्या आणि पाइपांच्या फटींतून वर जातच राहते. थंड वाशांना ती लागली की पाणी धरतं. वारा खेळता असेल तर ते सुकतं. वळचण बुजलेली असेल तर डिसेंबर-जानेवारीत छपराच्या आतल्या कागदावरून थेंब टपकतात आणि लोक छप्पर गळतं म्हणून कौलं दुरुस्त करणाऱ्याला बोलावतात. म्हणून वळचणीला लोकरीच्या वर निदान ५० मिलिमीटरची मोकळी वाट राखावी. त्यासाठी वाशांच्या मध्ये सरकवायचे प्लॅस्टिकचे पन्हाळीदार तुकडे मिळतात, ते स्वस्त आहेत. आणि लोकर अंथरण्याआधी खालून वर जाणाऱ्या सगळ्या फटी बुजवाव्यात, झडपेला कडेनं रबरी पट्टी लावावी, न्हाणीघरातल्या पंख्याची नळी माळ्यात न सोडता थेट छपराबाहेर न्यावी. या तासा-दोन तासांच्या कामाचा उल्लेख कुठल्याच पत्रकात नसतो, म्हणून मी तो मुद्दाम करतो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. पाण्याची टाकी माळ्यावर असेल तर तिच्या बरोबर खाली लोकर घालू नये, खालची थोडी ऊब तिला गोठण्यापासून वाचवते. टाकीला वरून आणि बाजूंनी मात्र वेष्टण हवं, आणि पाइपांनाही. विजेच्या तारा शक्यतो लोकरीखाली गाडू नयेत, त्या तापतात. छतात बसवलेल्या दिव्यांवर अग्निरोधक टोप्या घालाव्यात. सामान ठेवायला फळ्या टाकायच्या असतील तर तुळयांवर उंच पाय बसवून त्यावर टाकाव्यात, दाबली गेलेली लोकर निम्मं काम करते. वटवाघळं दिसली तर काम थांबवावं. १९८१च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना आणि त्यांच्या वस्तीला संरक्षण आहे.

आता भिंत.

भिंतीत पोकळी आहे का, हे विटा सांगतात. सगळ्या विटांची लांब बाजूच बाहेर दिसत असेल, तर बहुधा दोन पदरी भिंत आहे. एक लांब, एक आखूड अशी बाजू आलटून पालटून दिसत असेल तर भिंत भरीव, कारण आखूड दिसणारी वीट आडवी आरपार गेलेली आहे. गिलाव्यानं विटा झाकल्या असतील तर दाराच्या चौकटीशी भिंतीची जाडी मोजावी : २६० मिलिमीटरपेक्षा जास्त भरली तर पोकळी असण्याची शक्यता मोठी. १९२०च्या दशकापासून पोकळीच्या भिंती रूढ होत गेल्या, तरी १९३०च्या घरांत दोन्ही प्रकार सापडतात, एकाच घरात तळमजला एक आणि वरचा दुसरा असंही असतं. समोरच्या गोल खिडकीखालचा भाग तर बऱ्याचदा नुसत्या लाकडी चौकटीवर टांगलेल्या कौलांचा असतो. पोकळीत कितीही माल भरला तरी तो तिथे पोचत नाही, आणि त्या खोलीतला गारठा तसाच राहतो.

ही पोकळी बांधणाऱ्यांनी ऊब राखण्यासाठी ठेवली नव्हती. ती पावसासाठी आहे. ब्रिटनमध्ये पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, वीट तो पिते, आणि बाहेरच्या पदराच्या आतल्या अंगानं पाणी खाली ओघळून जातं. मध्ये ५० मिलिमीटरच्या आसपास हवा असल्यामुळे ते आतल्या पदराला शिवत नाही. दोन्ही पदरांना बांधून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या मधून मधून असतात, आणि त्यांनाही मध्ये वळसा किंवा पीळ दिलेला असतो, पाण्याचा थेंब तिथेच गळून पडावा म्हणून. इतकी विचारपूर्वक केलेली ही रचना आहे. तिच्यात माल भरायचा म्हणजे पाण्याची एक वाट बंद करून आपण त्या मालावर भरवसा ठेवतो.

तो भरवसा बहुतेक घरांत सार्थ ठरतो. काचलोकर किंवा दगडी लोकर पाणी न धरणारी केलेली असते. पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांमधून पाणी खाली निथळतं. अडचण येते ती पोकळी स्वच्छ नसेल तेव्हा. नव्वद वर्षांपूर्वी भिंत रचताना गवंड्याच्या थापीवरून पडलेला चुना त्या लोखंडी पट्ट्यांवर साचून घट्ट झालेला असतो, तळाशी विटांच्या तुकड्यांचा ढीग असतो. मोकळ्या हवेत त्यातून फार काही बिघडलं नव्हतं. माल भरताना मात्र तो त्या गोळ्यांवर अडतो, खाली रिकामी जागा राहते, आणि ओल गोळ्यांवरून आतल्या पदरापर्यंत चालत येते. शिवाय रिकाम्या राहिलेल्या जागी भिंतीचा आतला पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा थंड राहतो आणि घरातली वाफ नेमकी तिथेच बसते. वरच्या खोलीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, बुरशीचे काळे ठिपके उठतात. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही : भरल्यानंतर बाहेरच्या विटांना आतून ऊब मिळेनाशी होते, त्या जास्त वेळ ओल्या राहतात, आणि मऊ, जुन्या विटांचे पापुद्रे थंडीच्या कडाक्यात सुटू लागतात.

यातलं किती आपल्या वाट्याला येईल, ते घर कुठे आहे यावर अवलंबून आहे. ब्रिटनचे वाऱ्यानं भिंतीवर आपटणाऱ्या पावसाप्रमाणे चार पट्टे पाडलेले आहेत. पहिल्यात एका वादळी सत्रात भिंतीच्या एका चौरस मीटरवर ३३ लिटरपेक्षा कमी पाणी आपटतं, चौथ्यात १०० लिटरपेक्षा जास्त. पूर्व इंग्लंड सौम्य. कॉर्नवॉल, वेल्सचा पश्चिम भाग, लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा सर्वांत कठीण. आगोटीच्या दिवसांत पश्चिमेच्या अंगाला झाप बांधणारा कोकणातला माणूस झडीचा जो हिशेब करतो, तोच इथे करायचा. आणि तो गावापुरता न करता आपल्या घराच्या प्रत्येक भिंतीपुरता करायचा. टेकडीवरच्या घराची नैर्ऋत्येला उघडी पडलेली भिंत आणि शेजाऱ्याच्या आडोशाला असलेली भिंत यांचा पट्टा नकाशात एक असला तरी त्यांच्यावर पडणारं पाणी एक नसतं.

तेव्हा भरण्याआधी पाहणी. ती खरी झाली की नाही हे ओळखायला तुम्ही तिथे उभं राहावं. पाहणीला आलेल्या माणसानं दोन-तीन ठिकाणी भोक पाडून आत कॅमेरा घातला पाहिजे आणि पट्ट्या, गोळे, तळाचा ढीग तुम्हालाही दाखवला पाहिजे. पट्ट्या गंजलेल्या असतील तर आधी त्या बदलाव्या लागतात; बाहेर ठरावीक अंतरावर आडव्या भेगा दिसणं ही त्याची खूण. दर्जा झिजल्या असतील तर त्या भरून घ्याव्यात, फुटकी पन्हळ बदलावी, खिडक्यांच्या कडा नीट कराव्यात. हे सगळं घरमालकाचं काम मानलं जातं, आणि नंतर ओल आली तर हमी देणारी संस्था पहिलं बोट तिथेच ठेवते. ‘मोफत आहे, उद्याच करून देतो’ म्हणणारा माणूस दहा मिनिटांत फीत लावून निघून जात असेल, तर त्याला नम्रपणे नाही म्हणावं. गंजलेल्या पट्ट्या किंवा राडारोडा दिसूनही काम रेटणारे असतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ओल सोसतात ती त्या घरातली माणसं, आणि माल काढायचा खर्च भरण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो.

प्रत्यक्ष काम दिवसाभरात उरकतं. बाहेरून, विटांमधल्या दर्जांवर, २२ ते २६ मिलिमीटरची भोकं साधारण मीटरभर अंतरानं पाडतात, नळीनं माल फुंकतात, भोकं जुळत्या रंगाच्या चुन्यानं बुजवतात. जोडघर असेल तर शेजाऱ्याच्या हद्दीवर पोकळीत ब्रशसारखा उभा पट्टा सोडावा लागतो, म्हणजे माल त्याच्या भिंतीत जात नाही. गॅस उपकरणांना हवा पुरवणारी आणि जमिनीखालच्या लाकडी तुळयांना वारा देणारी जाळीदार वीट कधीही बुजता कामा नये. काम संपल्यावर प्रत्येक जाळीत विजेरी मारून बघावं, आणि गॅसचा बॉयलर असेल तर त्याची तपासणी झाल्याचा कागद घ्यावा.

आपल्या घरांविषयी एक वेगळं सांगायला हवं. रोजचा कुकर, वरणभाताची वाफ, फोडणी, आणि बाहेर ऊन नाही म्हणून रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. फटी बुजल्या, भिंती भरल्या, की ही वाफ जाणार कुठे? रॉचडेलमधल्या अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचा डिसेंबर २०२०मध्ये घरातल्या बुरशीमुळे मृत्यू झाला. आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या, आणि दोष त्यांच्या राहणीवर ढकलला गेला होता. त्याच्या नावानं पुढे कायदा झाला. त्या घराची गोष्ट इन्सुलेशनची नव्हती, पण हवा बाहेर जायला वाट नसली की काय होतं, हे तिच्यातून या देशाला कळलं. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात बाहेर सोडणारा, चालू स्थितीतला पंखा हा इन्सुलेशनच्या खर्चाचाच भाग धरावा.

कागदांचं थोडक्यात. पोकळी भरण्याच्या कामाला बहुधा सीआयजीए या संस्थेची पंचवीस वर्षांची हमी मिळते. ती संस्था १९९५पासून आहे आणि हमी घराबरोबर पुढच्या मालकाकडे जाते, म्हणून मूळ प्रत खरेदीखताच्या कागदांत ठेवावी. जुनं घर विकत घेत असाल तर विक्रेत्याकडून ती मागून घ्यावी, आणि भोकं बुजवल्याच्या गोल खुणा भिंतीवर दिसूनही कागद मिळत नसेल तर सर्व्हेअरला कॅमेरा आत घालायला सांगावं. लोकर, मणी आणि ते बसवण्याची मजुरी यांवर ३१ मार्च २०२७पर्यंत व्हॅट शून्य आहे. अंदाजपत्रकात तो लावलेला दिसला तर विचारावं.

पुढच्या आठवड्यात भरीव भिंतींची घरं. तोवर दाराच्या चौकटीशी फीत लावून भिंतीची जाडी मोजून ठेवा. आकडा २६०च्या खाली आला, तर तो लेख तुमच्यासाठी आहे.