वसई : तटाआडचे नगर

वसईचा किल्ला पाहिला असे सांगणारी माणसे आमच्या पश्चिम उपनगरांत पुष्कळ भेटतात. परंतु त्या तटाच्या आत जवळजवळ दोन शतके नांदलेले एक संपन्न नगर पाहिले, असे सांगणारा मनुष्य विरळा. रायगड, राजगड, सिंहगड यांच्या दर्शनाने आपली दृष्टी घडलेली असल्यामुळे, किल्ल्यात शिरताच आपण बुरूज न्याहाळतो, दरवाजांची मजबुती अजमावतो, शत्रू कोणत्या अंगाने आला आणि आपले लोक कोठे पडले याची चौकशी करतो, आणि वीरांना मनोमन वंदन करून परततो. वसईत हे सारे आहेच आणि ते करणे आपले कर्तव्यही आहे. पण त्याखेरीज तेथे राजरस्ता आहे, चौक आहे, नगरसभेच्या वास्तूचे अवशेष आहेत, मठ, विद्यालये, धर्मादाय इस्पितळाच्या जागा आणि श्रीमंतांच्या हवेल्यांची जोती आहेत. हे सारे एका कुशल नगररचनेचे अवयव म्हणून पाहिले तरच त्या स्थळाला न्याय मिळेल, अशी माझी पक्की धारणा आहे.

युरोपातील जुनी नगरे पाहण्यासाठी आपल्याकडील पुष्कळ लोक आता आवर्जून जातात. स्लोव्हेनियाच्या चिमुकल्या किनारपट्टीवर पिरान नावाचे असेच एक नगर आहे. एड्रियाटिक समुद्रात घुसलेल्या भूशिरावर ते वसलेले असून, 1283 पासून 1797 पर्यंत, म्हणजे पाच शतकांहून अधिक काळ, त्यावर व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा अंमल होता. तुर्कांच्या धास्तीने बांधलेला तट टेकडीवर अद्याप उभा आहे. गावातल्या बंदराचा आतला भाग 1894 मध्ये बुजवून तेथे जो चौक केला, त्याला तेथेच 1692 साली जन्मलेल्या तार्तीनी या थोर व्हायोलिनवादकाचे नाव दिलेले आहे. वसईची ठेवण पाहिली की पिरानची आठवण होणे स्वाभाविक आहे. कारण येथेही तिन्ही अंगांना समुद्र, खाडी आणि दलदल, येथेही दर्यावर्दी परकीयांची सत्ता, आणि येथेही तटाच्या आत आखीव वस्ती. भेद एवढाच, आणि तो फार मोठा, की पिरानच्या अरुंद गल्ल्यांत अद्याप चुली पेटतात आणि वसईच्या हवेल्यांवर ताडामाडांचे रान माजले आहे. तेथे प्रवाशाला केवळ डोळे उघडे ठेवावे लागतात, येथे कल्पनाशक्तीही जागी ठेवावी लागते.

आम्हा कांदिवलीकरांना तर या नगराविषयी विशेष जिव्हाळा असावयास हवा. साष्टी बेटातील आमचा सारा मुलूख त्या काळी वसईच्या कारभाराखाली होता. आमच्या अवर लेडी ऑफ अझम्प्शन चर्चची स्थापना 1630 सालची, म्हणजे वसईच्या भरभराटीच्या काळातली. पोयसरच्या डोंगरातील मंडपेश्वरची शैव लेणी अंतोनिओ दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने सोळाव्या शतकाच्या मध्यास ताब्यात घेऊन त्यांचे प्रार्थनास्थळात रूपांतर केले आणि वरच्या अंगास मठ व विद्यालय उभारले. त्या इमारतीच्या उघड्या भिंती लेण्याच्या माथ्यावर आजही दिसतात. वसईस जाण्यापूर्वी एखाद्या सकाळी मंडपेश्वर पाहून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवीन. कारण ज्या सत्तेने भव्य वास्तू निर्माण केल्या तिनेच येथील लोकांच्या देवस्थानांवर घाला घातला, ही या इतिहासाची दुसरी बाजू तेथे शब्दांवाचून समजते.

कांदिवलीहून विरारच्या गाडीने भाईंदर सोडले की खाडीचे विस्तीर्ण पात्र लागते, मध्ये पाणजू बेट दिसते, आणि नायगाव मागे टाकून गाडी वसई रोडला पोहोचते. तेथून पश्चिमेस पारनाक्यावरून किल्ल्याकडे जाणारा रस्ता धरावा. याच भूभागाचा ताबा गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 23 डिसेंबर 1534 च्या तहनाम्याने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याला दिला. हुमायून बादशहाचे संकट मानेवर बसल्यामुळे सुलतानाला समुद्रावरील मित्राची निकड भासली, आणि त्या निकडीचे मोल म्हणून वसईसह साष्टी व मुंबईची बेटे त्याला सोडावी लागली. 1536 पासून बालेकिल्ल्याचे काम सुरू झाले. बाहेरचा विशाल तट नंतर टप्प्याटप्प्याने सिद्ध झाला.

जमिनीकडील दुहेरी दरवाजातून आत गेल्यावर प्रथम तटाची जाडी पाहावी, मग घाई न करता मुख्य रस्त्याने मध्यभागाकडे चालत राहावे. सुमारे 110 एकरांचा हा परिसर आहे. दमणपासून खाली पसरलेल्या पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’चे हे मुख्य ठाणे होते. गोव्याच्या खालोखाल मान असलेल्या या नगरात कुलीन म्हणून गणल्या जाणाऱ्या पोर्तुगीज घराण्यांची वस्ती होती, आणि भोवतालच्या गावांचा वसूल त्यांच्या हवेल्यांत येऊन पडत असे. इमारती लाकूड, जहाजबांधणी आणि घडीव दगड यांसाठी वसईची ख्याती होती. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागातील कोरीव काळा दगड वसईकडून समुद्रमार्गे नेलेला आहे, हे तेथे जाणाऱ्या आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

बालेकिल्ला हा या नगराचा सर्वांत जुना गाभा. त्याच्या प्रवेशद्वारावर पोर्तुगालचे राजचिन्ह, क्रूस आणि नौकानयनाचे प्रतीक असलेला वलयांकित गोल कोरलेला आहे. हा गोल नीट निरखावा. ज्यांचे सारे वैभव तारे पाहून दिशा काढण्याच्या विद्येवर उभे होते, त्यांनी आपल्या दारावर त्या विद्येचे उपकरण मिरवावे, यात मला मोठे औचित्य वाटते. जवळच सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा आहे. 1546 मध्ये उभे राहिलेले हे नगराचे मुख्य चर्च 1601 साली वाढविण्यात आले. छप्पर केव्हाच गेले. पण मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून मान वर केली की समुद्रावरून येणाऱ्या गलबतांना तो किती दूरून दिसत असेल, याची कल्पना येते.

जेझुइटांचे ‘पवित्र येशूनामा’चे चर्च मात्र स्वतंत्र वेळ काढून पाहण्याजोगे आहे, आणि दिवसातला मोठा वाटा मी त्यालाच देईन. 1548 च्या सुमारास जेझुइट येथे स्थिरावले आणि चर्चशेजारी त्यांनी विद्यालय चालविले. दर्शनी भिंतीवरील उभ्या खाचांचे स्तंभ, कमानीची प्रमाणबद्धता आणि दारावरील धर्मचिन्हाचे कोरीव काम पाहिले, की सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय शिल्पकल्पना आणि कोकणच्या दगडावर हात बसलेले येथलेच पाथरवट यांचा मेळ कसा जमला असेल, याचा विचार मनात घोळत राहतो. याच विद्यालयात गोन्सालो गार्सिया शिकला. पोर्तुगीज पिता आणि वसईचीच माता यांच्या पोटी 1556 च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा पुढे व्यापाराच्या निमित्ताने जपानात गेला, फ्रान्सिस्कन पंथात शिरला, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे पंचवीस सहकाऱ्यांसह क्रुसावर चढविला गेला. 1862 मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो हाच. वसईच्या पंचक्रोशीत त्याचे नाव आजही घरोघरी आदराने घेतले जाते.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये कमानींची एक सुरेख ओळ शिल्लक आहे आणि जमिनीत पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांच्या शिळा बसविलेल्या आहेत. पावले जपून टाकावीत. अक्षरे आधीच पुष्कळ झिजली आहेत. डोमिनिकनांचे चर्च 1583 चे. ऑगस्टिनियनांच्या वास्तूचा थोडाच भाग राहिला आहे. या थडग्यांवरील शिलालेख कोणी टिपून घेतले असा प्रश्न पडेल, तर डॉ. जे. गेर्सन द कुन्हा या मुंबईच्या गोमंतकीय विद्वानाचे नाव कृतज्ञतेने घ्यावे लागते. चौल आणि वसईच्या पुरावशेषांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1876 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर या विषयावर लिहिणारा प्रत्येक मनुष्य त्यांचा ऋणी आहे.

नगराची उतरती कळा एका दिवसात आली नाही. 15 मे 1618 च्या भीषण वादळाने घरांची व चर्चची छपरे उडविली आणि झाडे उन्मळून टाकली. पुढे रोगराईने काही मोहल्ले ओस पडले. 1661 च्या विवाहतहाने मुंबई इंग्रजांकडे गेली आणि तिच्या बंदराने वसईच्या व्यापाराचा हळूहळू ग्रास घेतला. अखेर अणजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी धर्मच्छळाची गाऱ्हाणी पेशव्यांच्या दरबारी पोहोचविली, आणि 1737 च्या मार्चमध्ये ठाणे घेऊन मराठ्यांनी साष्टीची मोहीम आरंभिली.

1739 चा वेढा म्हणजे मराठ्यांच्या युद्धशास्त्रातील एक असाधारण प्रकरण होय. मैदानी छाप्यांत निष्णात असलेल्या फौजेने येथे खंदक खणले, मोर्चे पुढे सरकविले, तटाखाली सुरुंग ठासले आणि मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पाडून आत प्रवेश मिळविला. काही सुरुंग अवेळी उडून आपलीच माणसे गाडली गेली, तरी एल्गार थांबला नाही. किल्ला हाती येत नसेल तर निदान आपले मस्तक तरी तोफेने आत उडवा, असे या मोहिमेचे सेनापती चिमाजी आप्पा यांनी सरदारांना सांगितल्याची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. इतिहासकार ग्रँट डफने मराठ्यांकडील मृत व जखमींचा आकडा पाच हजारांवर दिला आहे. समोरच्या बाजूनेही शर्थ केली. मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगिजांना चर्चमधील चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण घेऊन पंधरा हजार रुपये तेवढे दिले. शेवटी किल्ल्यातील पोर्तुगीज अधिकारी काएतानो द सोझा परेरा याने शरणागतीचा तह केला आणि पोर्तुगीज शिबंदी शस्त्रांसह, सन्मानाने बाहेर पडली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहात मिळाली. एवढे रक्त सांडल्यानंतर विजेत्याने दाखविलेला हा संयम मला प्रत्यक्ष विजयाइतकाच अभिमानास्पद वाटतो.

मराठ्यांनी नगराला बाजीपूर हे नाव दिले आणि शंकराजी केशव फडके यांच्याकडे सरसुभेदारी आली. आतील नागेश्वर आणि वज्रेश्वरी ही देवस्थाने आज जागती आहेत, आणि ओसाड अवशेषांतून हिंडल्यावर तेथील दिव्याची ज्योत मनाला फार निववते. 1780 च्या डिसेंबरात इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो मराठ्यांकडे परत आला. आणि 31 डिसेंबर 1802 रोजी, यशवंतराव होळकरांच्या भयाने पुण्याहून निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह करून तैनाती फौज स्वीकारली. चिमाजी आप्पांच्या पराक्रमाला पुरती चौसष्ट वर्षेही झालेली नव्हती. त्या एका दस्तऐवजाने मराठी राज्याचे स्वातंत्र्य कसे संपले, हे इतिहासाच्या पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्याच मातीवर उभे राहून आठवणे वेगळे.

नगर ओस पडले तरी त्याचा वारसा तटाबाहेर जिवंत आहे. वसईचे सामवेदी आणि वाडवळ, हिंदू आणि ख्रिस्ती, पानमळे व केळीच्या बागा करणारे कष्टाळू लोक. त्यांच्या राजेळी केळ्यांची सुकेळी ज्याने चाखली नाही त्याची सहल अपुरी राहिली. येथील ख्रिस्ती समाजाने आपली प्रार्थना आणि आपले वाङ्मय मराठीत रुजविले. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा वसईच्या या मराठीपणाला उचित गौरव लाभला.

नगराचा एक भाग मात्र वसईत सापडणार नाही. चर्चच्या मनोऱ्यांतील घंटा विजयचिन्हे म्हणून मराठा सरदारांनी देशावर नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर 1721, भीमाशंकरच्या घंटेवर 1729 आणि वाईजवळच्या मेणवलीतील घंटेवर 1707 असे साल आहे. देवदर्शनास जाणाऱ्याने त्यांवरील आकडे अवश्य वाचावेत.

राहता राहिला प्रश्न सोयीचा. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम; तोवर पावसाळी गवत वाळून जोती उघडी पडतात. पाणी आणि शिदोरी बरोबर असावी, पायांत जाड जोडे असावेत. पुरातत्त्व खात्याकडे माझी एकच विनंती आहे, की दोन्ही दरवाजांशी नगराचा मोठा नकाशा मराठीत लावावा आणि प्रत्येक वास्तूपाशी तिचे नाव, साल व उपयोग लिहावा. आज सामान्य प्रवासी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अंदाजाने फिरतो आणि नगरसभेच्या जागेवर बसून डबा खातो, तरी त्याला ते कळत नाही. समुद्राकडील दरवाजा शेवटी पाहावा. बाहेर कोळ्यांचा धक्का आहे, होड्या आहेत, वाळत घातलेली मासळी आहे. भाईंदरहून वसईस आता रो-रो बोटही सुरू झाली असून, परतताना आगगाडीऐवजी तिने यावे. म्हणजे खाडीच्या पाण्यावरून तो तट पाहता येईल, ज्या बाजूने पाहिला जावा म्हणूनच तो बांधला गेला होता.