आपला संगणक हा खेळ पेलेल काय?

मढच्या कोळीवाड्यातून तरीने वेसाव्याची खाडी ओलांडून कॉलेजात येणारा एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, लॅमिंग्टन रोडवर आय-सेव्हनचा जुना संगणक स्वस्तात मिळतोय. बाबा पैसे देतो म्हणालेत. नवे खेळ चालतील ना त्याच्यावर?" त्याच्या वडिलांची बोट १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीबंदीमुळे किनाऱ्याला असते. म्हणजे हे पैसे पावसाळ्याच्या बेगमीतले. तेव्हा नुसते हो किंवा नाही न म्हणता, उत्तर आपले आपण कसे काढावे तेच मी त्याला सांगितले. आज तेच तुम्हांलाही सांगतो.

कोणताही तांडेल बोट घेताना नुसते इंजिन पाहत नाही. तळ कसा आहे, मासळी आणि बर्फ ठेवायला जागा किती, हेही पाहतो. इंजिन दांडगे आणि तळ कुजका, असली बोट काय कामाची? संगणकाचेही तसेच आहे. खेळासाठी त्याचे चार भाग पाहावयाचे, आणि चारांत जो दुबळा, त्याच्याच चालीने खेळ चालतो.

पहिला प्रोसेसर. हा हिशेबनीस. चेंडू कुठे गेला, गाडी कुणावर आदळली, हे सारे तो ठरवतो. दुसरे ग्राफिक्स कार्ड. हा चित्रकार, आणि खेळात सर्वांत जास्त राबतो तो हाच. शिक्षक मंडळींनी हे गणित मुलांना जरूर घालावे. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला की २० लाख ७३ हजार ६०० होतात. हालचाल सफाईदार दिसावी म्हणून असे चित्र सेकंदाला ६० वेळा काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांवर ठिपके रंगवायचे! तिसरी रॅम, म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. हाताशी लागणाऱ्या वस्तू तिच्यावर. ओटा अपुरा पडला की दर वेळी कोठीत धाव घ्यावी लागते आणि खेळ अडखळतो. ही कोठी म्हणजे चौथा भाग, डिस्क. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी कितीतरी चपळ असते.

आता आपल्या घरच्या संगणकात काय आहे ते कसे पाहायचे? विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात 'परफॉर्मन्स' या नावाखाली चारही भागांची माहिती दिसते. ती कागदावर उतरवून घ्या. शेजारी त्या खेळाच्या गरजा लिहा. खेळ विकणारेच त्या जाहीर करतात, किमान आणि शिफारस केलेल्या अशा दोन प्रकारच्या. किमान म्हणजे कसाबसा चालेल, शिफारशीच्या म्हणजे सुखाने चालेल. मग ओळीला ओळ लावून ताडून पाहा, म्हणजे झाले.

एक उदाहरण घेऊ. संगणकावर २०१५ साली आलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह'ला किमान ४ जीबी रॅम आणि १ जीबीचे ग्राफिक्स कार्ड पुरत होते. २०२४ च्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ला किमान १६ जीबी रॅम, ८ जीबीचे कार्ड आणि एसएसडीवर १२० जीबी जागा लागते. शिवाय त्या कार्डाच्या अंगी प्रकाशकिरणांचा माग काढण्याची, म्हणजे 'रे ट्रेसिंग'ची सोय असावीच लागते. २०१७ चे जीटीएक्स १०८० टीआय हे ११ जीबीचे दणकट कार्ड, पण ही सोय त्याच्यात नाही, म्हणून ते इथे चालत नाही. नुसत्या बळाने भागत नाही, अंगी ती विद्याही लागते.

नावालाही भुलू नये. आय-सेव्हन हे घराण्याचे नाव झाले. पिढी कोणती ते पुढच्या आकड्यांवरून कळते. २०११ च्या आय-सेव्हन २६०० पेक्षा २०२२ चा आय-थ्री १२१०० बराच वेगवान आहे. शिवाय विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी मान्य प्रोसेसरांच्या यादीत २०११ चे प्रोसेसर नाहीत.

थोडेच कमी पडत असेल तर आधी खर्च करू नका. खेळाच्या सेटिंगमध्ये पडदा १२८० गुणिले ७२० करा, ठिपके निम्म्याहून कमी होतात. सावल्याही कमी करा. मग रॅम किंवा एसएसडीचा विचार. नवे कार्ड घेण्याआधी पेटीतला वीजपुरवठा त्याला पुरेल का ते बघा. लॅपटॉपचे कार्ड तर सहसा बदलताच येत नाही, तेव्हा तो घेतानाच पारखून घ्यावा. 'स्टीम'वर घेतलेला खेळ चालेना, तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात.

आमच्या विद्यार्थ्याने दुकानात जाऊन चार ओळी लिहून आणल्या. प्रोसेसर २०११ चा, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ८ जीबी, डिस्क फिरती. त्याला हव्या असलेल्या खेळाशी ताडून पाहिले, तर चारही ओळी कमी पडल्या. मी काही बोललो नाही. त्यानेच कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "पैसे घरीच राहू देत, सर."