सुकाणू वळवले तरी होडी का वळत नाही?

अकोले तालुक्यातला भंडारदऱ्याचा जलाशय सह्याद्रीच्या डोंगरांनी वेढलेला आहे. समजा, १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या या पाण्यात एक छोटी शिडाची होडी आहे. डोंगराआड वारा पडला, म्हणून मागच्या फळीवरची आउटबोर्ड मोटर सुरू केली. काठ जवळ आल्यावर वेग कमी केला आणि सुकाणूचा दांडा पूर्ण लोटला, तरी होडी सरळ खडकाकडेच निघाली आहे. बिघाड कुठेच नाही. मग झाले काय?

सुकाणू म्हणजे पाण्यात उभी धरलेली फळी. तिच्यावरून पाणी वाहते तेव्हाच ती होडीची पिछाडी बाजूला ढकलते. वेग निम्मा झाला की हा जोर जवळपास पावपट उरतो. मोठ्या जहाजांत पंखा सुकाणूच्या पुढे असतो, त्यामुळे पंख्याने फेकलेले पाणी थेट सुकाणूवर येते. इथे मात्र मोटर सुकाणूच्या शेजारी असते आणि तिचा झोत बाजूनेच निघून जातो.

म्हणून मोटरही वळवावी लागते. पण एक हात दांड्यावर, दुसरा मोटरवर, मग काठावर दोर फेकायचा कुणी? यावर साधा तोडगा म्हणजे दांडा आणि मोटरचे हँडल आडव्या सळईने जोडणे. दोन्ही एकाच दिशेला लोटले की होडी एकाच बाजूला वळते, त्यामुळे उलटसुलट काही करावे लागत नाही. सळई आपापल्या खुंटीपासून सारख्या अंतरावर बसवली, तर दोन्ही सारख्याच कोनात फिरतात. मोटर वरखाली हलते, म्हणून सळईच्या दोन्ही टोकांना सर्व बाजूंनी फिरणारे गोळ्याचे सांधे हवेत. सळई हँडलच्या फिरत्या मुठीला बांधली तर वळताना वेगच बदलेल. ती स्थिर भागालाच बांधायची. मोटरचे वळण घट्ट करणारा स्क्रूही सैल हवा.

खरा धोका पंख्याचा. मोटर पूर्ण वळल्यावर तो सुकाणूला लागत नाही ना, हे इंजिन बंद ठेवून, होडी काठावर असतानाच हाताने फिरवून पाहावे. उन्हाळ्यात पाणी उतरले की काठचे खडक वर येतात. पंखा त्यांवर आदळला तर मोटर वर उचलली जायला हवी, सळईने ती अडवता कामा नये. शिवाय शीड उभारल्यावर मोटर पाण्याबाहेर काढायची असते. त्यामुळे सळई झटकन सुटेल अशी खीळ लावणे केव्हाही चांगले, आणि ती खीळ दोरीने होडीलाच बांधलेली असावी. पाण्यात पडलेली खीळ परत मिळत नाही.