एका वाक्याने अडवलेले संशोधन

अमेरिकेत 2021 या एका वर्षात बंदुकीच्या गोळीने 48,830 माणसे दगावली. एखाद्या संसर्गाने किंवा कर्करोगाने एवढे बळी घेतले असते, तर सरकारी संशोधन संस्थांनी त्यावर पैसा ओतला असता. बंदुकीच्या बाबतीत मात्र वीसहून अधिक वर्षे सरकारी तिजोरी जवळजवळ बंद होती. गंमत म्हणजे, अशा संशोधनावर कायद्याने बंदी कधीच नव्हती.

या गोष्टीची सुरुवात 1993 साली झाली. डॉ. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. खर्च सीडीसीचा, म्हणजे रोगनियंत्रण आणि रोगप्रतिबंधाचे काम करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा होता. ज्या घरांत खून झाला ती घरे आणि त्याच परिसरातली, त्याच वयाच्या माणसांची, पण खून न झालेली घरे यांची तुलना संशोधकांनी केली. साथरोगतज्ज्ञ तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते शोधताना हीच पद्धत वापरतात. घरात बंदूक असली की घरातल्या माणसाचा घरातच खून होण्याची शक्यता सुमारे 2.7 पट दिसली. मारणारा बहुतेक वेळा घरातला किंवा ओळखीचाच होता. स्वसंरक्षणासाठी बंदूक घेणाऱ्याला हे पचणे अवघडच.

या अभ्यासावर शास्त्रीय आक्षेपही होते. बंदुकीमुळे धोका वाढतो, की आधीच धोक्यात असलेली माणसे बंदूक घेतात, हा प्रश्न अशा अभ्यासातून पूर्ण सुटत नाही. त्यावरचा शास्त्रीय उपाय म्हणजे आणखी मोठे, आणखी चांगले अभ्यास. पण राजकारणाने वेगळा उपाय काढला. नॅशनल रायफल असोसिएशन या बलाढ्य संघटनेने सीडीसीचे इजा-प्रतिबंध केंद्रच बंद करण्याची मागणी लावून धरली. केंद्र वाचले, पण 1996 साली अर्थसंकल्पी विधेयकात एक वाक्य घुसले: इजा-प्रतिबंधाचा निधी बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार वा प्रचार करण्यासाठी वापरता येणार नाही. आर्कान्सासचे रिपब्लिकन प्रतिनिधी जे डिकी यांच्या नावाने ही दुरुस्ती ओळखली जाते. सोबत सीडीसीच्या निधीतून 26 लाख डॉलर कापले गेले. आदल्या वर्षी बंदुकीवरच्या संशोधनाला खर्च झाली होती नेमकी तेवढीच रक्कम. यातला इशारा कोणाला समजला नसेल?

‘प्रचार’ कशाला म्हणायचे, हे त्या वाक्यात कुठेच सांगितलेले नव्हते. घरात बंदूक ठेवणे धोक्याचे आहे असा निष्कर्ष छापला तर तो प्रचार ठरेल का? संस्थाप्रमुखांनी सावध पवित्रा घेतला, आणि असा सावधपणा बंदीपेक्षा जास्त परिणामकारक असतो. बंदीविरुद्ध न्यायालयात जाता येते. भीतीविरुद्ध कुठे जाणार? तरुण संशोधकांनी दुसरे विषय निवडले, कारण अनुदान नसलेल्या विषयात कोणाचे करिअर घडत नाही. पुढे राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या पैशातून झालेल्या एका अभ्यासावरून पुन्हा ओरड झाली आणि 2011 च्या अखेरीस हेच वाक्य साऱ्या आरोग्य खात्याला लागू झाले.

किती नुकसान झाले, याचा हिशेब 2017 साली ‘जामा’ नियतकालिकात आला. बंदुकीने आणि सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या, अतिरेकी प्रतिसादाने होणारे मृत्यू जवळपास सारखेच. पण बंदुकीवरच्या संशोधनाचा निधी सेप्सिसच्या सुमारे 0.7 टक्के.

बातम्यांत शाळेतले गोळीबार दिसतात. पण 2021 च्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. आत्महत्येची तीव्र ऊर्मी अनेकदा थोड्या वेळात ओसरते. त्या वेळी हाताशी काय आहे यावर जीव वाचणे ठरते. हे आपल्याकडच्या डॉक्टरांना समजावून सांगावे लागत नाही. शेतावरच्या घरात कीटकनाशकाचा डबा असणे आणि नसणे यातला फरक ग्रामीण भागातले प्रत्येक सरकारी रुग्णालय जाणते. श्रीलंकेने अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तिथले आत्महत्यांचे प्रमाण खूप खाली आले. बंदूक कुलपात ठेवणे, गोळ्या वेगळ्या ठेवणे, नैराश्यातल्या माणसाची बंदूक काही काळ दुसऱ्याकडे देणे यांपैकी कशाने किती जीव वाचतात, हे मोजूनच कळेल. मोटारीच्या बाबतीत हे झाले. अपघातांचा अभ्यास करून पट्टे आले, एअरबॅग आल्या, रस्ते बदलले. मोटारी कोणी जप्त केल्या नाहीत.

खुद्द डिकी यांनाही पुढे हेच पटले. इजा-प्रतिबंध केंद्राचे तेव्हाचे प्रमुख डॉ. मार्क रोझेनबर्ग हे त्यांचे कट्टर विरोधक. 1999 साली रोझेनबर्ग यांना पद सोडावे लागले. पण या दोघांची हळूहळू मैत्री जमली. 2012 साली कोलोरॅडोतल्या चित्रपटगृहात गोळीबार झाला, तेव्हा दोघांनी मिळून ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहून संशोधनाला पैसा देण्याची मागणी केली. त्याच वर्षी डिसेंबरात सँडी हूक शाळेत 20 लहान मुले मारली गेली. अध्यक्ष ओबामांनी सीडीसीला संशोधनाचे आदेश दिले, पण काँग्रेसने पैसेच मंजूर केले नाहीत. डिकी 2017 साली वारले, तेव्हाही त्यांच्या नावाचे वाक्य कायद्यात होते.

दरम्यान काहींनी पदरमोड केली. कॅलिफोर्नियाचे डॉ. गॅरेन विंटम्यूट यांनी स्वतःचे दहा लाखांहून अधिक डॉलर घालून काम चालू ठेवले. 2018 साली रायफल संघटनेने डॉक्टरांना ‘आपल्या कामापुरते पाहा’ असे सुनावले. त्यावर शल्यचिकित्सकांनी रक्ताने माखलेल्या कपड्यांचे फोटो टाकून हेच आमचे काम, असे उत्तर दिले. त्याच वर्षी काँग्रेसने स्पष्ट केले की संशोधनाला मनाई नाही, आणि 2020 च्या आर्थिक वर्षासाठी अडीच कोटी डॉलर मंजूर झाले, निम्मे सीडीसीला आणि निम्मे एनआयएचला.

रक्कम तशी किरकोळच. शिवाय ती दर वर्षी नव्याने मागावी लागते, आणि मूळ वाक्य काही तेव्हा काढून टाकलेले नाही. हजारो कुटुंबांचा दहा-पंधरा वर्षे माग ठेवणारे अभ्यास उभे राहायचे तर पैशाबरोबर माणसेही लागतात, आणि ती माणसे तयार करणारी अख्खी पिढी मधल्या काळात दुसऱ्या विषयांकडे निघून गेलेली आहे.