डब्लिनची कोळसाबंदी आणि श्वसनविकार
आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे १९८०च्या दशकात घरे उबदार ठेवण्यासाठी बिट्युमिनस, म्हणजे भरपूर धूर सोडणारा कोळसा जाळला जाई, आणि हिवाळ्यात हवेत साचणारे काजळीचे सूक्ष्म कण फुफ्फुसांत खोलवर शिरून श्वासनलिकांचा दाह वाढवीत. १ सप्टेंबर १९९० रोजी बंदी आली ती जाळण्यावर नव्हे, तर विक्रीवर, आणि यातच तिचे मोठे शहाणपण होते, कारण प्रत्येक घराची चूल तपासण्याची गरज उरली नाही. पुढील सहा वर्षांत काळ्या धुराचे सरासरी प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि श्वसनविकारांचे मृत्यूही कमी झाले; हृदयविकाराच्या मृत्यूंतील घट मात्र बंदीमुळेच झाली, असे नंतरच्या फेरतपासणीत सिद्ध झाले नाही.